आजीला कसली सुट्टी?

नातवंडं सांभाळणं ही नोकरी नसून पुण्यकर्म आहे, असं आटगावच्या दिशाचं ठाम मत होतं. पुण्यकर्माला अर्थातच सुट्टी नसते.

"एक रविवार दे गो. म्हशाच्या जत्रेला जाऊन येते," सासूबाई, म्हणजे सरस्वतीबाई, म्हणाल्या.

"आई, कामाला बाई ठेवली असती तर सुट्टी द्यावीच लागली असती. घरच्या आजीला कसली सुट्टी?"

"मंग मला ठेव कामाला."

"घरचं माणूस कोण कामाला ठेवतं?"

शेजारच्या गोजराबाईंनाही त्यांच्या सुनेने हेच ऐकवलं होतं. सोमवारी दोघींनी घरची नातवंडं सांभाळणं सोडलं आणि दोन्ही सुनांना नाइलाजाने बाई शोधावी लागली.

 

आता सरस्वतीबाई शेजारचा नातू सांभाळतात, गोजराबाई दिशाचा मुलगा, आणि रविवारी दोघींना भरपगारी सुट्टी असते.