शेषरावकाकांचं पित्तर

अमेरिकेत लढाई लागली, तिकडचा कापूस विलायतेला जाईना, इकडच्याला सोन्याचा भाव आला आणि अमरावतीत कापूस ठेवायला जागा उरली नाही. व्यापारी असलेल्या पुंजारामनं शेषरावांच्या बंद घराचं कुलूप तोडून ते कापसानं भरलं. काशीला गेलेले शेषराव बारा वर्षांत परतले नव्हते, म्हणजे गेलेच. कोणी विचारलं, तर "माहे काका होते" असं पुंजाराम सांगायचा. लोकांना पटावं म्हणून पितृपक्षात त्यानं त्याच घराच्या अंगणात काकांचं पित्तरही घातलं.

पान भिंतीवर ठेवलं. कावळा शिवेना.

"काकाची इच्छा राहिली असन," शेजारच्या मैनाबाई म्हणाल्या. "बोल काहीतरी."

पुंजारामनं हात जोडले. "काका, घराची चिंता करू नोका. मी हावो."

तेवढ्यात गाठोडं घेतलेला एक म्हातारा आत आला आणि पान खाली काढून जेवायला बसला.

"आजोबा, आधी कावळ्याले तं शिवू द्या," पुंजाराम म्हणाला.

"ज्याचं पान तोच आला, आता कावळा कायले पाहिजे?"

मैनाबाईंनी म्हाताऱ्याकडे नीट पाहिलं आणि पदर पुढे ओढला.

म्हाताऱ्यानं पान चाटूनपुसून संपवलं. "पोटच्या पोरानंही एवढं केलं नसतं, बापू."

पुंजाराम मान खाली घालून कापूस बाहेर काढू लागला.

"राहू दे," शेषराव म्हणाले. "पाणी आलं तं भिजन. मी निजतो ओट्यावर."