कोरं पीठ

समिधा मुंबईच्या एका प्रयोगशाळेत संशोधन करते. केसाहून हजारपट बारीक अशा सिलिकॉनच्या सुईवर लेझरचा उजेड पडला, की तिच्या टोकातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. ते दिसत नाहीत. समोरच्या पडद्यावर त्यांचा ठिपका उमटतो, तेवढीच त्यांची खूण.

आबा एकदा नेरळहून तिचं काम बघायला गेले आणि नेमका त्या दिवशी पडदा कोराच राहिला. लेकीचा उतरलेला चेहरा बघून ते हळूच म्हणाले, "तूच काढ की गं एक ठिपका. कोनाला कळतंय?"

"आबा, नाही उमटलं तर नाही उमटलं असंच लिहायचं असतं!" केवढी चिडली होती ती.

काल आबा गेले. त्यांनी जीव सोडला त्या जागी आईनं रीतीप्रमाणे पीठ पसरलं, दिवा ठेवला आणि वर टोपली पालथी घातली. गेलेला माणूस कुठल्या जन्माला गेला, त्याचं पाऊल सकाळी त्या पिठात दिसतं म्हणतात.

"पाखराचं उमटू दे," आई म्हणाली. "अंगनात येतील तरी."

सकाळी समिधानं टोपली उचलली. दिवा जळत होता. पीठ कोरं होतं.

"काय दिसतंय का गं?" आईनं आतून विचारलं.



समिधानं करंगळीच्या नखानं पिठात तीन बारीक रेघा ओढल्या आणि हाक मारली, "आये, लवकर ये गं, पाखराचं पाऊल हाय!"