चौथ्या भागातला कप्तान

“आवाज वाढव गं जरा. त्यांना नीट ऐकू जाऊ दे,” बायको म्हणाली.

मुलीनं रिमोट दाबला. पडद्यावर कप्तान दोराला लोंबकळत एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर आला, त्यानं तलवार उपसली आणि तो खदाखदा हसला. पलंगावर उशांना टेकवून बसवलेल्या माणसानं डोळे घट्ट मिटून घेतले.

“बघ, भरून आलं बाबांना,” मुलगी म्हणाली.

भरून कसलं येतंय! अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

हा माणूस डबिंगवाला. परदेशी सिनेमातली माणसं त्याच्या घशातून आपल्या भाषेत बोलायची. समुद्री चाच्यांच्या या सिनेमांमुळे तर गल्लीत त्याला सगळे कप्तानच म्हणायचे. मग झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचाही गेली. त्याला कळायचं सगळं, पण सांगायला जावं तर तोंडातून नुसतं ‘अं अं’ निघायचं. डाव्या हातात पेन दिलं तर अक्षरंच आठवायची नाहीत. बोलणं शिकवायला येणाऱ्या बाईंनी सांगितलं, “यांना यांचाच आवाज ऐकवत जा. एखादा शब्द सुटला तर सुटला.” तेव्हापासून दुपारची जेवणं आटोपली की रोज हा सिनेमा लागायचा. मालिकेतला चौथा भाग.

आणि चौथ्या भागात त्याचा आवाजच नव्हता.

पहिल्या तिन्ही भागांत होता. चौथ्याच्या वेळी कंपनीला तरुण आवाजाचे डोहाळे लागले. त्याच्याच हाताखाली शिकलेल्या शिष्याला त्यांनी माइकपुढे उभं केलं. शिष्यानं गुरूची बेमालूम नक्कल केली, विषय संपला. घरी मात्र सांगायचं राहून गेलं. म्हणजे तो सांगणार होता. पण सिनेमा लागला त्या दिवशी बायको ठेवणीतले कपडे घालून तयार, मुलगी मैत्रिणींची फौज घेऊन आलेली आणि अर्धी गल्ली थेटरात. कप्तान पहिलं वाक्य बोलला आणि सगळ्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला. आता सांगणार तरी कुठल्या तोंडानं? बसला मूग गिळून.

तेव्हा ते खपून गेलं. आता मात्र जीव तुटत होता. स्वतःचा आवाज परत येईल न येईल, काही भरवसा नव्हता. नाही आला, तर या घरात त्याचा म्हणून हाच आवाज उरणार होता. नाकातून हसणारा, उसना. मुलीचं एक वेळ सोडा, ती तेव्हा लहान होती. पण बायको? इतकी वर्षं एका छपराखाली काढलेली बाई! तिलाही आपल्या नवऱ्याचा आवाज ओळखू येऊ नये? त्याला रडू यायचं ते याचं.

परवा मुलगी म्हणाली होती, “आई, आज पहिला भाग लावू या का? तो जास्त चांगला आहे.” त्यानं जोरजोरात होकारार्थी मान हलवली होती. पण बायकोनं तिकडे बघितलंही नाही.

“काही नको. चौथाच लाव. त्यात यांचा आवाज काय लागलाय!”

आजही तेच चाललं होतं. चौथ्या भागात गोष्टीचा तसाही बट्ट्याबोळच होता. कप्तानाला डोलकाठीला बांधलं होतं आणि तो भाषण ठोकत होता. ओठ मिटले तरी वाक्य आपलं चालूच. शेवटचा शब्द कुणीतरी लाटेच्या आवाजाखाली दडपून टाकला होता. आधीच्या शब्दावर श्वास चोरला असता तर वाक्य नेमकं बसलं असतं. किती वेळा शिकवलं होतं गाढवाला! त्यानं डावा हात पलंगावर आपटला.

“आहाहा!” बायको म्हणाली. “आता हसतील बघ. असं हसणं दुसऱ्या कुणाच्या बापाला जमायचं नाही.”

कप्तान नाकातून हसला.

“न... ना... नाही!”

मुलीच्या हातातला रिमोट खाली पडला. “आई! बाबा बोलले! आई, बोलले गं बाबा!”

त्यानं डावा हात टीव्हीकडे रोखला. “नाही! नाही!”

“हो बाबा, तुमचाच आवाज आहे तो!” मुलगी एकाच वेळी हसत होती आणि रडत होती. “त्यानंच तुमचं बोलणं परत आणलं बघा. आता आपण रोज दोनदा लावू या सिनेमा!”

“नाही!”

“बाईंना फोन करते,” म्हणत ती गॅलरीत पळाली.

त्यानं हात खाली टाकला. जन्मभर शब्दांवर पोट भरलं, आज एवढा आटापिटा करून एक शब्द हाती लागला, तर तोही उलटाच पडला. आता काय करावं माणसानं? त्याच्या गालावरून पाणी ओघळलं आणि ते पुसायचंही त्याला सुचलं नाही.

बायकोनं रिमोट उचलला आणि टीव्ही बंद केला. पलंगाच्या कडेला बसून तिनं पदरानं त्याचा गाल पुसला. मग गॅलरीकडे एकदा बघून घेतलं आणि त्याच्या कानाशी वाकली.

“हा तुमचा आवाज नाही, हे मला थेटरात पहिल्याच वाक्याला कळलं होतं,” ती म्हणाली. “मुद्दाम लावत होते रोज. चिडल्याशिवाय तुम्ही कधी तोंड उघडलंय का?”