शेवटचा बॉल

छाया पंचेचाळिशीत दुबईजवळच्या अजमानच्या कम्युनिटी कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकायला जाऊ लागली, तसं प्रमोदला चारचौघांत हसायला निमित्तच मिळालं. “तुला काय कळतंय त्यातलं?” हे नवऱ्याचं पालुपद ती जात्यातल्या दाण्यासारखं मनात दळत राहिली, आणि वर्षअखेरच्या प्रोजेक्टसाठी तिनं घरच्या टीव्हीला माणसाचं बोलणं ओळखायला शिकवलं.

मॅच बघायला प्रमोदचे दोस्त जमले. चहा देता देता छाया म्हणाली, “हा आता यॉर्कर टाकणार.”

“तुला काय कळतंय?” प्रमोद खेकसला, आणि टीव्ही खटकन बंद.

“अरे, शेवटचा बॉल राहिलाय! यल्ला, यल्ला, लवकर लाव!” दोस्त ओरडले.



“अहो, चालू होईल की,” छाया प्रमोदला म्हणाली, “सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणा फक्त, ‘छायाला सगळं कळतं.’”