पटातला पट
सांगलीच्या ब्राह्मीनं शंखासारख्या वळणांचा पटावरचा खेळ बनवला होता. बेदाणा, हळकुंड अशा चित्राच्या घरात सोंगटी पडली की तसाच लहान पट मांडून खेळायचं, जिंकल्यावर त्याच घरी परतायचं. कुठल्या घरातून आत शिरलो ते मात्र ज्याचं त्यानं लक्षात ठेवायचं. मेंदूच्या ऑपरेशननंतर घरी आलेल्या तिच्या वडिलांनी, अण्णांनी, खेळायचा हट्टच धरला. त्यांची सोंगटी पटातल्या पटात गेली तशी, परतीची घरं त्यांना आठवतील का, म्हणून ब्राह्मी घाबरली. “अण्णा, राहू द्या.” “थांब की गं.” आतले डाव जिंकून अण्णांनी डोळे मिटले. “बेदाण्याच्या घरातनं इथं आलो. त्याच्या आधी हळकुंडाच्या.” ब्राह्मीनं खेळताना मोबाइलवर काढून ठेवलेले पटांचे फोटो पाहिले. दोन्ही घरं बरोबर होती. दारातून आईनं विचारलं, “आठवलं का गं त्यांना?” ब्राह्मीनं डोळे पुसत होकारार्थी मान हलवली. “रडतीस काय?” अण्णा म्हणाले. “फासे टाक, तुझी पाळी हाय.”