सात नंबरची जागा

"सात नंबरची प्रेस पुन्हा रिकामी झाली, सर. एक पोरगा द्या तुमचा," वाळूजच्या कंपनीतून काकासाहेब मॅनेजरांचा फोन आला. निजामुद्दीन सरांनी या वेळी आपल्या प्रशिक्षण केंद्रातल्या पोरांची यादी उघडलीच नाही. घरातलंच नाव सांगितलं. शफीक.

शहरात प्रशिक्षण केंद्रांना तोटा नव्हता. सर्टिफिकेटं घेऊन पोरं वाळूजला गेटागेटावर जोडे झिजवत होती. सरांची मात्र दर दोन-तीन महिन्यांनी एक, अशी याच कंपनीत चिकटत होती. काकासाहेबांनी एकदा सुनावलं होतं, "तुमची पोरं दोन हातांनी दोन बटणं दाबत बसतात. आम्हाला माल पाहिजे." सरांनी दुसऱ्याच दिवशी केंद्रातल्या पत्रा कापायच्या प्रेसचं एक बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं कायमचं दाबून, आवळून टाकलं. आता डाव्या हातानं बटण, उजव्यानं पत्रा. माल दुप्पट. बाकीचे मास्तर पुस्तकातलं शिकवत बसले, ते बसलेच.

"अब्बा, मला गॅरेजच बरं हाय," शफीक कुरकुरला.

"गप रं! नोकरी दारात चालत आली, अन् नखरे करतो?"

सोमवारी सर स्वतः त्याला सोडायला गेले, स्कूटरला पेढ्यांचा पुडा अडकवून. शफीक आत गेला. गेटवर वॉचमनच्या खाकीत बन्सी उभा होता, पिशोरचा. सांडू झाडांना पाणी घालत होता. पुंजाराम गाड्यांचे नंबर लिहीत होता. तिघंही सरांचेच चेले, सात नंबरवर लागलेले. कंपनीनं एकालाही काढलं नव्हतं. सरांचा ऊर भरून आला. पण हातचा हुन्नर सोडून ही फुकटची कामं धरली, याचा रागही आला. आळशी लेकाचे!

"घ्या रे. शफीक लागला आज."

"कोणत्या मशिनवर, सर?" बन्सीनं विचारलं.

"तुमच्याच. सात नंबर."

सांडूनं पाण्याचा पाइप खाली टाकला. मग पेढ्यासाठी तीन हात पुढं आले. तिन्ही डावे.

सर तडकले. उस्तादाच्या हातची मिठाई, अन् डाव्या हातानं! "तमीज विकून खाल्ली काय रे? उजवा काढ खिशातून!"

आत भोंगा झाला. प्रेसची धडधड सुरू झाली.

बन्सीनं उजवा हात खिशातून काढून पुढं केला. त्याला अंगठा तेवढा होता.