सासूबाईंच्या शेजारी

डोंगराकडे जायचं तर गाडी डावीकडे वळायला हवी होती. तेत्सुरोनं ती उजवीकडे घेतली.

नोबुएनं मांडीवरची पिशवी घट्ट धरली. पिशवीत दोन टॉवेल होते आणि पहाटे उठून वळलेले भाताचे गोळे.

"अहो, गरम पाण्याचे झरे तिकडे राहिले."

"वाटेतच आहे गं. जरा डोकावून जाऊ."

वाटेत काहीही नव्हतं. देवळामागची कुरिहारा घराण्याची समाधी, जिथे घरातल्या सगळ्यांची राख एकत्र ठेवत आणि जिथे सासूबाई तीन वर्षांपूर्वी कायमच्या राहायला गेल्या, ती बरोबर उलट्या दिशेला होती. लग्नापासून यांची रविवारची प्रत्येक सहल अशीच उलट्या दिशेला गेली होती. चेरीची फुलं बघायला निघावं आणि सासूबाईंच्या गुडघ्याच्या डॉक्टरकडे पोचावं. बर्फ बघायला निघावं आणि त्यांच्या बहिणीकडे चहा प्यावा. त्या गेल्यावर सहली थांबतील असं नोबुएला वाटलं होतं. थांबल्या नाहीत, फक्त चहा बंद झाला.

पण आज तिची साठी होती. आज काय हवं, असं नवऱ्यानं आयुष्यात पहिल्यांदा विचारलं होतं, आणि ती म्हणाली होती, गरम पाणी. घरातला टब रोज संध्याकाळी एकदाच भरायचा. आधी सासरे, मग तेत्सुरो, मग सासूबाई, मग मुलगी, आणि सगळ्यात शेवटी सून. तिच्या वाट्याला येईपर्यंत पाणी कोमट झालेलं असे आणि त्यावर सगळं घराणं केसांच्या रूपानं तरंगत असे. स्वयंपाकाचीही तीच तऱ्हा. तिनं केलेलं सूप सासूबाई पाहुण्यांसमोर चाखायच्या, एक शब्द न बोलता किटली उचलायच्या आणि त्यात पाणी ओतायच्या. नोबुए कधी कुरकुरलीच, तर तेत्सुरो वर्तमानपत्रामागून म्हणायचा, "आईची जीभ कडक आहे, पण मन टोफूसारखं मऊ." हा टोफू नेमका कुणाच्या ताटात पडला, ते त्यानं कधी सांगितलं नाही.

पितरांचा आठवडा असल्यानं देवळामागे माणसांची जत्रा भरली होती. तेत्सुरोनं नळावर बादली भरली, पळी घेतली आणि समाधीच्या दगडावर पाणी ओतलं. अंघोळीला सासूबाईंचा नंबर अजूनही नोबुएच्या आधीच होता.

"आता इकडे ये," तो म्हणाला. बँकेतून निवृत्त झाला तरी कुठलीही गोष्ट नव्या योजनेसारखी जाहीर करायची त्याची खोड गेली नव्हती. "डोळे मीट. हं, आता उघड."

दगडाशेजारी गेलेल्यांच्या नावांची काळी पाटी होती. शेवटचं नाव सासूबाईंचं, किनु. त्याच्या शेजारी ताजी अक्षरं कोरली होती: नोबुए. अक्षरांत टवटवीत लाल रंग भरला होता. माणूस अजून जिवंत आहे, पण जागा धरून ठेवली आहे, याची ती खूण. माणूस गेला की रंग खरवडून काढतात.

"साठीला बायकोला लाल काहीतरी द्यायची रीत आहे ना?" तेत्सुरो खुशीत म्हणाला. "लोक शाली देतात. दोन वर्षांत विरतात. हा ग्रॅनाइट आहे."

पाटीवर दोन नावांमध्ये बोटभर अंतर होतं. घरात निदान मधे सरकता दरवाजा तरी होता.

"पस्तीस वर्षं," ती म्हणाली, आणि आवाज इतका चढला की पलीकडच्या समाधीवर फुलं वाहणारं अख्खं कुटुंब हातातली फुलं तशीच धरून ऐकू लागलं. "पस्तीस वर्षं त्या बाईचं उष्टं पाणी अंगावर घेतलं मी! तिचे लंगोट बदलले, आणि बदलताना तिच्या शिव्या खाल्ल्या. वाटलं, मेल्यावर तरी सुटेन. तर तुम्ही मला जन्मठेप संपल्यावर पुन्हा त्याच कोठडीत टाकताय? आणि तेही वाढदिवसाला?"

"हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत! त्यांच्याही सासवा इथेच आहेत."

पलीकडच्या कुटुंबातली एक प्रौढ बाई खाली मान घालून एकदम फुलं नीट करू लागली.

"हे बघ," तेत्सुरो समजुतीच्या सुरात म्हणाला, "ती एकटी आहे गं तिथे. बाबांशी तर ती जिवंतपणीही बोलत नव्हती. तिला तुझी सवय आहे."

नोबुएच्या रागाच्या तळाशी एक जुनी, मूर्ख आशा अजून जिवंत होती. नवरा आहे. बोलत नाही, पण आहे. निदान तिथे तरी तो मधे झोपेल. तिनं पाटी वरपासून खालपर्यंत वाचली. मग खालपासून वर. लाल रंगाचं दुसरं नाव कुठेच नव्हतं.

"आणि तुमचं नाव?"

"माझं?" तेत्सुरोनं पळी बादलीत ठेवली. "माझी राख समुद्रात सोडायची व्यवस्था केलीय. आईच्या वेळी इथे सही करायला आलो होतो ना, त्याच दिवशी करून टाकली."



त्यानं दगडाकडे एकदा चोरून पाहिलं, तिच्या कानाशी आला आणि आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "अगं, आईशेजारी कायमचं राहायचं म्हणजे, तूच सांग, माणूस जगेल का?"